जवळचे, म्हणून न पाहिलेले

परगावचा पाहुणा घरी आला म्हणजे यजमानाला आपल्या गावाची आठवण होते. एरवी ज्या रस्त्याने तो नित्य कचेरीला जातो, त्याच रस्त्यावरील एखाद्या वाड्याकडे किंवा देवळाकडे बोट दाखवून तो पाहुण्याला चार गोष्टी सांगतो. पाहुण्याने पाचवी विचारली की त्याची पंचाईत होते. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या पाहुण्यांसाठी असतात, गावकऱ्याला गाव ठाऊकच असते, असे आपण सारेच गृहीत धरून चालतो. हे गृहीतक किती फोल आहे याची प्रचीती घ्यायची तर पुण्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण. आपल्या शहराविषयी पुणेकरांना वाटणारा अभिमान सर्वश्रुत आहे. परंतु अभिमान आणि परिचय या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि परिचय नसल्याची उणीव अभिमानाने सहज झाकली जाते.

पुण्याच्या पेठांत वाढलेल्या दोन स्नेह्यांनी २०२३ साली केलेला एक साधा उपक्रम या संदर्भात विचार करण्याजोगा आहे. एक माध्यमिक शाळेत इतिहास शिकवणारे, दुसरे सरकारी कचेरीतील कारकून. दोघेही पन्नाशी ओलांडलेले आणि शाळेत एकाच बाकावर बसलेले. शिक्षकांनी नववीच्या मुलांसाठी शहरातील पाहण्याजोग्या स्थळांची यादी तयार केली होती. ती चाळताना कारकून मित्राने सहज विचारले, "अरे, यातली तू स्वतः किती पाहिली आहेस?" हिशेब केला तेव्हा चोवीसपैकी नऊ निघाली, विचारणाऱ्याची स्वतःची संख्या सात होती. मग रविवारी सकाळी एक ठिकाण, असा क्रम ठरला. नियम दोनच: एकट्याने जायचे नाही, आणि नुसता फलक वाचून परत फिरायचे नाही. यादी मात्र त्यांनी अंतरावरून लावली. लांबची ठिकाणे आधी, जवळची शेवटी. कारण जवळची केव्हाही पाहता येतील. हा विचार कोणालाही पटावा असाच आहे, आणि सारी मेख त्यातच आहे.

पेठांतल्या माणसाला नदीपलीकडचे आणि लष्करातले पुणे परमुलखासारखे वाटते. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस १८९२ साली बांधलेला. 'चले जाव'ची हाक दिल्यानंतर ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना येथे स्थानबद्ध करण्यात आले आणि मे १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या काळात १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई देसाई आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा येथेच निवर्तल्या. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. बेचाळीसचा लढा वर्गात वर्षानुवर्षे शिकवणारे शिक्षक त्या समाध्यांपुढे प्रथमच उभे राहिले. पाठ्यपुस्तकातील एका ओळीला जागा असते, ती जागा बसने जाण्याइतकी जवळ असते, आणि तरी आयुष्यातली तीस वर्षे तिच्यावाचून शिकवण्यात जातात. यात त्या शिक्षकांचा दोष कमी आणि आपल्या शिक्षणपद्धतीचा अधिक आहे. स्थळ हे परीक्षेत उत्तर म्हणून विचारले जाते. तेथे जाऊन यावे असे अभ्यासक्रमाला कधी वाटत नाही.

डेक्कन कॉलेजसाठी कारकुनांनी एक दिवसाची किरकोळ रजा खर्ची घातली आणि आगाऊ परवानगी काढली. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेपासून ज्या संस्थेचा वारसा सांगितला जातो, ती ही संस्था. तेथे १९४८ पासून संस्कृतच्या बृहत्कोशाचे काम चालू आहे. ग्रंथांतून शब्द वेचून लिहिलेल्या लक्षावधी चिठ्ठ्या तेथील कपाटांत जपलेल्या आहेत. कोशाचा पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि पस्तीस भाग प्रसिद्ध झाल्यानंतरही काम वर्णमालेच्या पहिल्याच अक्षरात होते. शिक्षकांना यात विद्वत्तेची भव्यता दिसली. कारकुनांना दिसली ती नोंद ठेवणाऱ्या अनेक पिढ्यांची शिस्त. जन्मभर नस्ती आणि नोंदवह्या सांभाळलेल्या माणसाला, आपल्या हस्ताक्षरातील चिठ्ठी आपल्यामागून येणाऱ्या चौथ्या पिढीच्या कामी येईल या भरवशावर लिहिणाऱ्यांचे मोल ताबडतोब कळले. ते मोल त्यांनी मित्राला समजावून सांगितले. एका स्थळाला दोन माणसांनी मिळून का जावे, याचे याहून चांगले कारण देता येणार नाही.

लष्करातील लाल देवळाची गोष्टही अशीच. हे देऊळ म्हणजे १८६७ साली पूर्ण झालेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर. लाल विटांच्या या उंच वास्तूला पुणेकरांनी आपल्या बोलीत देऊळ म्हटले आणि ते नाव रुळले. ते बांधवणारे डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आलेले व्यापारी. त्यांची कबर त्याच आवारात आहे. ससून रुग्णालयाची पायरी चढली नाही असे घर पुण्यात विरळा. परंतु ज्यांच्या दानातून ते रुग्णालय उभे राहिले ते ससून कोण, असा प्रश्न त्या पायरीवर कोणाला पडत नाही. नाव इतके वापरातले झाले की त्याचा अर्थ झिजून गेला. शहरातील कित्येक नावांचे असेच झाले आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आले, म्हणून तो चौक सिमला ऑफिसचा. लाकडी पुलाचे लाकूड कधीच गेले, नाव उरले. बसच्या वाहकाने पुकारलेल्या या नावांत शहराचा इतिहास रोज मोठ्याने वाचला जातो. ऐकणारा तेवढा खिडकीबाहेर पाहत असतो.

यादी शहराच्या मध्याकडे सरकू लागली तसे या दोघांना आणखी एक उमगले. पुणे म्हणजे पेशवाई, हे समीकरण जितके लाडके आहे तितकेच तोकडे आहे. जंगली महाराज रस्त्याच्या कोलाहलाला लागून असलेले पाताळेश्वर हे लेणे आठव्या शतकाच्या सुमारास, राष्ट्रकूटांच्या काळात, अखंड काळ्या पाषाणात खोदलेले आहे. त्याचा वर्तुळाकार नंदीमंडप पाहताना, शनिवारवाड्याची पायाभरणी होण्यापूर्वी या जागेने हजार वर्षे पाहिली होती, हे ध्यानात येते. शनिवारवाडा १७३० साली सुरू झाला आणि जानेवारी १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. त्या वेळचा खर्च १६,११० रुपये सांगितला जातो. कारकुनांनी तो आकडा आपल्या वहीत टिपून घेतला आणि मग विचारले, वाड्यात राहणाऱ्या शेकडो माणसांना पाणी कोठून येत होते? शिक्षकांना याचे उत्तर पुढच्या रविवारी शोधून आणावे लागले. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावांतून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने पाणी शहरात आणले होते. वाटेत हवा खेळण्यासाठी उच्छ्वास बांधले होते, आणि जागोजागच्या हौदांवर सामान्य लोक पाणी भरत. १८२८ साली आगीत वाडा जळाला. तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंजी मागे राहिली, आणि पाहुणा तेवढेच पाहून जातो. परंतु वाड्यापेक्षा नळाची ही योजना राज्यकारभाराविषयी अधिक सांगते. ती बहुतेक ठिकाणी जमिनीखाली आहे, म्हणून यादीत नाही.

सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीचे देऊळ तर पेठेत वाढलेल्या या दोघांनी कधी आतून पाहिलेच नव्हते. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ ते १७७० या काळात बांधलेल्या या देवळात मोरावर बसलेली तीन सोंडांची गणेशमूर्ती आहे. दर्शनी भिंतीवर इंग्रज शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने बांधत असल्याचे शिल्प आहे. प्लासीची लढाई १७५७ ची. पूर्वेकडे काय घडत होते याची वार्ता पुण्यातल्या शिल्पकाराच्या छिन्नीपर्यंत पोचली होती, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. असा पुरावा युरोपातील एखाद्या गावात असता तर त्या गावाने स्वतःची ओळख त्यावरून सांगितली असती. आपल्याकडे त्या गल्लीची ओळख गाडी लावायला जागा मिळते की नाही यावरून होते.

आणि मंडई. रोजची भाजी जेथून येते त्या वास्तूला प्रेक्षणीय म्हणायचे, याचेच प्रथम या दोघांना हसू आले होते. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ साली उघडली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला होते. ती बांधण्याचा विषय नगरपालिकेपुढे आला तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याला विरोध केला होता. हा पैसा प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, आणि पुढे त्याच इमारतीला त्यांचेच नाव देण्यात आले. हा गौरव की नियतीचा विनोद, यावर दोघा मित्रांत परतीच्या वाटेवर वाद झाला. शिक्षकांच्या मते इमारतीने अखेर आपल्या टीकाकाराला मान दिला. कारकुनांच्या मते नाव देणे हा मूळ प्रश्न दप्तरी दाखल करण्याचा सोयीस्कर मार्ग असतो. वाद मिटला नाही. तो मिटण्याची गरजही नव्हती. मंडई हवी की शाळा, हा खर्चाच्या अग्रक्रमाचा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. तो प्रश्न या शहरात पूर्वी कोणी, कोठे आणि कोणत्या शब्दांत मांडला होता हे ठाऊक असले तर आजच्या चर्चेची पातळी थोडी उंचावते.

यादीतील शेवटचे नाव सर्वांत जवळचे होते: बुधवार पेठेतील भिडे वाडा. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. समोर दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर. त्या मंदिराच्या रांगेत हे दोघेही आयुष्यात शेकडो वेळा उभे राहिले होते, आणि प्रत्येक वेळी त्यांची पाठ त्या वाड्याकडे होती. परीक्षा, पाऊस, गणेशोत्सव, घरची लग्नकार्ये यांमुळे काही रविवार गेले. भिडे वाड्याची पाळी आली ती डिसेंबर २०२३ मधील दुसऱ्या रविवारी. त्याच आठवड्यात, दीर्घकाळच्या न्यायालयीन वादानंतर, ती जीर्ण इमारत स्मारकासाठी पाडण्यात आली होती. दोघांनी पाहिली ती मोकळी जागा.

येथे कोणावर खापर फोडण्याचे कारण नाही. इमारत धोकादायक झाली होती, आणि तिच्या जागी उभे राहायचे आहे ते त्याच शाळेचे स्मारक. ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. तथापि एक प्रश्न उरतोच. ज्या भिंतींच्या आत मुलींच्या शिक्षणाचा आरंभ झाला त्या भिंती दुरुस्तीच्या पलीकडे जाईपर्यंत शहराने काय केले? याच जोतीरावांचे गंज पेठेतील घर आज जपलेले आहे. त्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणजे जपणे अशक्य होते असे नाही. एक वास्तू टिकली आणि दुसरी टिकली नाही, यातला फरक कायद्याचा, मालकीचा आणि भाडेकरूंच्या हक्काचा आहेच. पण त्याआधी तो नजरेचा आहे. भिडे वाडा अनेक दशके कोणाच्याही यादीत नव्हता. जे यादीत नाही ते कोणी पाहत नाही, जे पाहत नाही त्याविषयी कोणी विचारत नाही, आणि ज्याविषयी विचारणा होत नाही त्याची दुरुस्ती कोणत्याही कचेरीच्या टेबलावर येत नाही. कारकुनी करणाऱ्या माणसाला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. पेठांतील जुन्या वाड्यांत माणसे राहतात. गळकी कौले, खचलेल्या भिंती आणि सामाईक संडास यांच्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना, तुमचे घर हा आमचा वारसा आहे, असे ऐकवणे क्रूरपणाचे आहे. नाममात्र भाडे घेणाऱ्या मालकाकडून सागवानी खांब बदलण्याची अपेक्षा करणेही व्यर्थ आहे. सर्व काही राखता येणार नाही, राखूही नये. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात नदीकाठचे पुणे वाहून गेले, आणि त्यानंतर नव्या वसाहती वसवाव्याच लागल्या. शहर म्हणजे संग्रहालय नव्हे. परंतु काय जाऊ द्यायचे आणि काय राखायचे हा निर्णय जर करायचाच आहे, तर तो पाहिलेल्या माणसांनी केलेला बरा की न पाहिलेल्यांनी? आज तो निर्णय बहुधा कोणीच करीत नाही. एक भिंत पावसाळ्यात पडते, दुसरी पाडली जाते, आणि आपण त्याला काळाचा महिमा म्हणतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी बसची रांग, यांतून सवड काढायची कोणी? या आक्षेपाचे उत्तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात मिळते, आणि तेही यादीत होतेच. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ जमवलेल्या वस्तूंत तेथे काय आहे? दिवे, अडकित्ते, वज्री, वाद्ये, कोरीव दरवाजे. घराघरांतून अडगळ म्हणून मोडीत निघत असलेल्या या वस्तू. तो संग्रह एका माणसाने केला आणि अखेर शासनाच्या स्वाधीन केला. हातात रोज असलेल्या वस्तूकडे पाहण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. सवड सर्वांनाच थोडी असते. दृष्टी मात्र मुद्दाम कमवावी लागते. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट मंडईपर्यंत आणून सोडते. पोचण्याची अडचण तरी यापुढे सांगता येणार नाही.

या साऱ्याचा व्यवहाराशी संबंध आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठराविक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. लोकशाहीने सामान्य नागरिकाच्या हाती दिलेले हे एक साधे, पण खरे शस्त्र आहे. त्या मुदतीत अर्ज करतात ते बहुधा ज्यांची जमीन जाते ते, किंवा ज्यांना जमीन हवी असते ते. तिसरा नागरिक गप्प राहतो. त्याचे हित नसते म्हणून नव्हे; नकाशावरील ती रेघ कशावरून जाते हे त्याला ठाऊक नसते म्हणून. जो नागझरीच्या काठाने एकदा चालला आहे, ज्याने एखाद्या बोळातला उच्छ्वास डोळ्यांनी पाहिला आहे, त्याला नकाशा वाचता येतो. त्याचा अर्ज दोन ओळींचा असला तरी त्यात वजन असते. आपल्या दोघा मित्रांपैकी शिक्षकांपाशी इतिहास होता आणि कारकुनांपाशी अर्ज लिहिण्याची कला. शहराला नेमकी या दोहोंच्या संगमाची गरज आहे.

यासाठी कोणत्याही नव्या योजनेची, समितीची किंवा अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी आपल्या शाळेपासून चालत दहा मिनिटांच्या आतील पाच ठिकाणांची यादी मुलांकडून करून घ्यावी. कचेरीतील मंडळींनी महिन्यातला एक रविवार स्नेह्यासोबत त्यातल्या एका ठिकाणी घालवावा. विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की आपल्या गल्लीचे नाव असे का. सोलापूर असो, नाशिक असो की कोल्हापूर, प्रत्येक गावाला हे लागू आहे. पुण्याची मक्तेदारी यात नाही. एकटा माणूस पाहतो आणि विसरतो. दोघे पाहतात तेव्हा त्यांच्यात वाद होतो, आणि ज्यावर वाद झाला ते स्थळ स्मरणात राहते. मात्र यादी करताना क्रम उलटा लावावा. लांबची ठिकाणे जपण्यासाठी पाहुणे, मार्गदर्शक आणि पर्यटन खाते आहे. घरासमोरच्या वास्तूला घरासमोरच्या माणसाखेरीज कोणी नसते. ती केव्हाही पाहता येईल, असे म्हणत राहिलो, तर एके दिवशी तिच्या जागेवर फक्त फलक वाचावा लागेल.